लागतो, विझतो, पुन्हा लागतो : मोटारीतील एका दिव्याचे निदान

मोटारीची किल्ली फिरवली, पण इंजिन अजून सुरू केले नाही, की चालकासमोरच्या फलकावर बरेच दिवे एकदम लागतात. इंजिन सुरू झाले की ते एकामागून एक विझतात. त्यांत इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळसर दिवा असतो. गॅरेजमधली मंडळी त्याला ‘चेक इंजिन’ किंवा नुसतेच ‘चेक लाइट’ म्हणतात. इंजिन चालू असताना तो विझलेला असावा, अशी अपेक्षा असते.

हा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला, तर काम त्या मानाने सोपे असते. गाडी जुनी झाली, की मात्र वेगळाच अनुभव येऊ लागतो. दिवा दोन दिवस लागतो, मग आपोआप विझतो. आठवडाभर सगळे ठीक असते आणि एका सकाळी तो पुन्हा हजर! गॅरेजमध्ये गाडी नेली, की नेमका बंद. अशा वेळी गाडीचे मालक दोहोंपैकी एक मार्ग धरतात. काही जण दिव्याकडे काणाडोळा करतात, तर काही जण मेस्त्री सांगेल तो भाग बदलतात, मग दुसरा बदलतात, मग तिसरा. दोन्ही मार्ग खर्चाचे आहेत. तिसरा मार्ग विज्ञानाच्या पद्धतीचा आहे आणि तो आठवी-नववीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडे फारसा जात नाही. तो कसा, ते या लेखात पाहू.

दिवा कोणासाठी?

प्रथम हे पाहू, की हा दिवा मुळात आला कोठून. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर १९४०च्या दशकापासून डोळे चुरचुरवणारे धुरके साचू लागले. ऊन पडले, की मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून हे धुरके तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस दाखवून दिले. पुढे त्याच कॅलिफोर्निया राज्याने नियम केला, की १९८८ सालापासूनच्या नव्या मोटारींनी धूर-नियंत्रणातील बिघाड स्वतःच ओळखून चालकाला कळवावा. १९९६ पासून या यंत्रणेची सुधारलेली दुसरी आवृत्ती साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींना सक्तीची झाली. तिचे नाव ऑन-बोर्ड डायग्नॉस्टिक्स, थोडक्यात ओ.बी.डी. भारतात चारचाकींसाठी तिची पहिली पायरी १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरी १ एप्रिल २०१३ पासून आली. एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ मानकाच्या दुचाकींवरही ती आहे. तेव्हा आज ‘जुनी’ म्हणावी अशी दहा-बारा वर्षांची मोटारही हा दिवा आणि त्यामागचा छोटा संगणक घेऊनच फिरते आहे.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा दिवा गाडी बंद पडेल हे सांगण्यासाठी बसवलेला नाही. धूर बिघडला आहे किंवा बिघडण्याची शक्यता आहे, हे तो सांगतो. त्यामुळे गाडी उत्तम पळत असतानाही तो लागू शकतो. याउलट, तेलाच्या दाबाचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची असते. पिवळा दिवा स्थिर असेल, तर सावकाश तपासायला वेळ असतो. तोच दिवा लुकलुकू लागला, तर मात्र वेग व भार ताबडतोब कमी केला पाहिजे. एखाद्या सिलिंडरमधील इंधन न जळता बाहेर पडते आहे, असा त्याचा अर्थ. हे इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील उत्प्रेरक-पेटीत, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. तेथील मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचा पातळ लेप असतो. एका साध्या प्लगकडे दुर्लक्ष केल्याची किंमत अशी कित्येक पटींनी वाढते.

संगणक काय पाहतो?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी धूर बाहेर जाण्याच्या नळीत ऑक्सिजनचा संवेदक बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल, तर इंधन कमी पडले. उरला नसेल, तर जास्त झाले. भाकरीचे पीठ मळताना हाताला कोरडे लागले, की आपण पाण्याचा हबका मारतो आणि सैल वाटले, की चिमूटभर पीठ घालतो. संगणकही तसेच करतो, फक्त सेकंदाला कित्येकदा. ही दुरुस्ती एका मर्यादेपलीकडे करावी लागली, तर ‘काहीतरी बिघडले आहे’ अशी नोंद तो करतो.

ज्वलन चुकले हे तो कसे ओळखतो? प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पडली, की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. एक धक्का चुकला, की शाफ्टची गती क्षणभर किंचित मंदावते. शाफ्टवरील दातेरी चाकाजवळच्या संवेदकाला हे मंदावणे कळते. ते कोणत्या क्षणी घडले, यावरून कोणता सिलिंडर चुकला हेही कळते. गॅरेजच्या भाषेत यालाच ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात.

दिव्याचे वेळापत्रक वेगळे, दोषाचे वेगळे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दोष घडला, की लगेच दिवा लागतो आणि दोष गेला, की लगेच विझतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तसे नाही. एखाद्या क्षणिक गडबडीने चालकाला उगाच घाबरवू नये, म्हणून बहुतेक दोषांच्या बाबतीत लागोपाठ दोन, काही गाड्यांत तीन, फेऱ्यांमध्ये तोच दोष आढळल्यावरच दिवा लागतो. पहिल्या वेळी फक्त कच्ची नोंद होते. पुढे लागोपाठ तीन फेऱ्यांत ती तपासणी निर्दोष पार पडली, की दिवा विझतो. तरीही स्मरणातील नोंद पुसली जात नाही. इंजिन थंडपासून गरम होण्याची साधारण ४० आवर्तने निर्दोष झाली, तरच ती जाते. लुकलुकणारा दिवा मात्र या नियमाला अपवाद आहे. तो वाट पाहत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, वाईत राहणारे एक शिक्षक पसरणी घाट चढून पाचगणीच्या शाळेत जातात. त्यांची बारा वर्षांची पेट्रोल मोटार आहे. सोमवारी सकाळी पाऊस होता. घाटात एका सिलिंडरचे ज्वलन मधूनमधून चुकले आणि कच्ची नोंद झाली. दुपारी ते घाट उतरून आले, पण उतारावर इंजिनावर भारच नव्हता. सकाळच्यासारखी परिस्थिती न आल्यामुळे ती नोंद तशीच राहिली. मंगळवारी सकाळी पुन्हा पाऊस, पुन्हा घाट, पुन्हा तीच चूक आणि दिवा लागला. बुधवार ते शुक्रवार पावसाने उघडीप दिली. तीन दिवस घाट निर्दोष चढला गेला आणि शनिवारी दिवा विझलेला दिसला. शनिवारी दुपारी गॅरेजमध्ये मेस्त्री म्हणतात, “दिवा कुठाय, सर? गाडी तर एकदम ओके आहे!”

मेस्त्री खोटे बोलत नाहीत आणि सरही नाहीत. दिवा विझण्याचा अर्थ दोष दुरुस्त झाला असा होत नाही. अलीकडच्या काही फेऱ्यांत तो दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिवतापाचा रोगी ताप उतरलेला असताना दवाखान्यात आला, म्हणून डॉक्टर त्याला निरोगी ठरवत नाहीत. ताप केव्हा येतो, किती वेळ राहतो, थंडी वाजते का, हे ते विचारतात. आपल्यालाही तेच करायचे आहे.

पुरावा आधी, पाना नंतर

पुरावा दोन ठिकाणी असतो. पहिला गाडीच्या स्मरणात. ओ.बी.डी.च्या दुसऱ्या पायरीच्या गाड्यांत स्टीअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली १६ पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला स्कॅनर लावला, की कोड वाचता येतो. त्याआधीच्या काही गाड्यांत विशिष्ट दोन पिना तारेने जोडल्या, की तोच दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगत असे.

कोडची रचना समजून घेण्याजोगी आहे. ‘पी ०३०३’ हा कोड पाहा. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग. पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असा कोड. तेथे १ असेल, तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा. नंतरचा ३ म्हणजे ठिणगी व ज्वलन. शेवटचे ०३ म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा सिलिंडर. येथपर्यंत ठीक. पण कोड म्हणजे खराब भागाचे नाव नव्हे. कोणती तपासणी नापास झाली, एवढेच तो सांगतो. गणितात नापास झालेल्या मुलाला चष्मा हवा आहे, की शिकवणी, की सकाळची न्याहारी, हे गुणपत्रिका सांगत नाही.

‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. ही बातमी ऑक्सिजन संवेदकाकडून येते, म्हणून अनेकदा तोच बदलला जातो. खरे कारण मात्र रबराची चिरलेली हवेची नळी, कमजोर पेट्रोल पंप, धूळ बसलेला हवामापक किंवा तुंबलेला इंजेक्टर यांपैकी काहीही असू शकते. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखाच हा प्रकार.

कोडबरोबर आणखी एक मोलाची गोष्ट साठवलेली असते, ती म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे चित्र. इंजिनाचे तापमान, फेरे, भार, गाडीचा वेग असे आकडे त्यात असतात. आपल्या उदाहरणात तापमान ५२ अंश, वेग ताशी ३८ किलोमीटर, भार ८५ टक्के असे आकडे मिळाले, तर घाटातील चढणीवर, पुरते न तापलेले इंजिन, हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणूनच कोड पुसण्याआधी हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. बॅटरीची तार काढली, तरी बहुतेक गाड्यांत हा पुरावा नाहीसा होतो. ‘दिवा घालवून दिला’ म्हणजे दुरुस्ती झाली, असे समजू नये.

दुसरा पुरावा चालकाच्या वहीत. तारीख, इंजिन थंड की गरम, पाऊस की कोरडे, चढ की सपाट, ए.सी. चालू की बंद, पेट्रोल भरून किती वेळ झाला आणि दिव्याची स्थिती, असे सात रकाने पुरेत. नोंद गाडी थांबल्यावरच करावी. दिवा दोन फेऱ्या उशिरा लागतो हे आता आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ज्या दिवशी लागला त्याच्या आदल्या एक-दोन फेऱ्यांकडेही पाहावे. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी संशयाचे वर्तुळ बरेच लहान करतात.

पाऊस आणि घाट एकत्रच का?

आपल्या उदाहरणात पाऊस असताना आणि चढावरच चूक होते. का? स्पार्क प्लगला हजारो व्होल्टचे विभवांतर पुरवावे लागते. ही वीज वाहून नेणाऱ्या कॉइलचे किंवा तारेचे आवरण जुने होऊन त्याला बारीक तडा गेला, तर विजेला पळवाट मिळते. कोरड्या हवेत त्या पळवाटेचा रोध प्रचंड असतो. तड्यातील धुळीवर ओल आली, की त्यात क्षार विरघळतात आणि रोध उतरतो.

आता चढाचे पाहू. चढावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला जातो, सिलिंडरमध्ये अधिक हवा शिरते आणि दाबली गेल्यावर तिची घनता वाढते. दाट हवेतून ठिणगी पडायला जास्त विभवांतर लागते. म्हणजे प्लगची नेहमीची वाट अवघड होते आणि त्याच वेळी पळवाट सोपी होते. वीज पळवाटेने जाते आणि ज्वलन चुकते. इंजिन पुरते तापले, की ओल वाळते आणि दोष गायब! दोन कारणे एकत्र आली तरच दिसणारा दोष ‘अधूनमधून’ वाटतो. तो लहरी नसतो, त्याच्या अटी आपल्याला माहीत नसतात.

ही झाली कल्पना. तिची परीक्षा हवी. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत ही परीक्षा जवळजवळ फुकट होते. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवावी आणि पहिल्याची तिसऱ्यावर. बाकी काहीही बदलू नये. कोड नोंदवून पुसावा आणि तशाच ओल्या सकाळी तोच घाट चढावा. कोड आता ‘पी ०३०१’ असा आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. अपराधी सापडला. कोड ‘पी ०३०३’च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग याच रीतीने प्लगची अदलाबदल करावी, त्यानंतर इंजेक्टरच्या कपलरकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, हा प्रयोगशाळेतील नियम येथे थेट पैसे वाचवतो. कॉइल, प्लग व इंजेक्टर एकदम बदलले, तर दिवा जाईलही; पण तिन्हींपैकी कोणते दोन चांगले भाग आपण भंगारात टाकले, हे कधीच कळणार नाही. उच्च विभवांतराची ही कामे इंजिन बंद ठेवून आणि जाणकाराकडूनच करून घ्यावीत.

एक गंजलेला कपलर

जुन्या गाड्यांत भाग खराब होण्याइतकीच जोडणी खराब होण्याची शक्यता असते. कपलरमधील पिनांवर हिरवट गंज चढतो, अर्थिंगची तार सैल होते, उंदीर वायर कुरतडतात. धातू तापला की प्रसरण पावतो, रस्त्याचे हादरे बसतात आणि संपर्क कधी होतो, कधी तुटतो.

याचा परिणाम किती दूर जातो, ते साध्या गणिताने पाहू. इंजिनाचे तापमान मोजणारा संवेदक म्हणजे एक थर्मिस्टर. तापमान वाढले की याचा रोध कमी होतो. अनेक गाड्यांत तो २० अंशांना सुमारे २,४०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. समजा, संगणकाने ५ व्होल्ट आणि २,००० ओहमच्या ठरावीक रोधातून त्याला वीज पुरवली. इंजिन ८० अंशांवर असताना थर्मिस्टरवरील विभवांतर होईल ५ × ३०० ÷ २,३००, म्हणजे सुमारे ०.६५ व्होल्ट. आता कपलरमधील गंजाने ७०० ओहमची भर घातली. एकूण झाले १,००० ओहम आणि विभवांतर ५ × १,००० ÷ ३,०००, म्हणजे १.६७ व्होल्ट. १,००० ओहम म्हणजे थर्मिस्टरच्या हिशेबाने ४५ अंशांच्या आसपास. तापलेले इंजिन संगणकाला कोमट वाटते. तो थंड इंजिनासाठी ठरलेले जास्त इंधन देऊ लागतो. मग ऑक्सिजन संवेदक ‘इंधन जास्त’ म्हणून तक्रार करतो आणि कधी ‘पी ०१७२’, म्हणजे मिश्रणात इंधन जास्त, असा कोड उमटतो. कोड इंधनाचा, चूक गंजाची! आणि कपलरला धक्का लागून संपर्क सुधारला, की सगळे पुन्हा ठीक.

म्हणून भाग विकत आणण्यापूर्वी बिनखर्चाच्या गोष्टी पाहाव्यात. बॅटरीची टर्मिनले व अर्थिंग घट्ट आहेत का, हवेच्या नळ्या चिरल्या आहेत का, वायर कुठे घासल्या किंवा कुरतडल्या आहेत का? स्कॅनरवर आकडे पाहत असताना दुसऱ्या कोणी तरी एकेक कपलर हलक्या हाताने हलवावा. तापमानाचा आकडा ८० वरून एकदम ४५ वर उडी मारू लागला, तर जागा सापडली. इंजिनासारखा जड धातूचा गोळा एका क्षणात ३५ अंशांनी थंड होऊ शकत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. हे करताना हात, ओढणी, बाह्या पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात.

वर्गात करून पाहा

हा सारा विचार मोटारीशिवायही मुलांना देता येतो. एक सेल, एक बल्ब आणि तारांच्या चार जोडण्या असलेले मंडल फळीवर बसवा. एका जोडणीत गंजलेली टाचणी वापरा आणि चारही जोडण्या चिकटपट्टीने झाका. बल्ब कधी मंद, कधी प्रखर होईल. आता मुलांना सांगा, की जोडणी न उघडता दोष शोधा. मल्टिमीटरने बल्ब चालू असताना प्रत्येक जोडणीच्या दोन बाजूंमधील विभवांतर मोजू द्या. चांगल्या जोडणीवर ते जवळजवळ शून्य येईल, खराब जोडणीवर लक्षात येण्याइतके भरेल. ओहमचा नियम येथे दोष शोधण्याचे साधन होतो. फळी हलवली तर काय होते, टाचणीवर पाण्याचा थेंब टाकला तर काय होते, हेही मुलांना नोंदवू द्या.

शेवटी एक गोष्ट. आपल्याकडील पी.यू.सी. तपासणी गाडी उभी असताना होते. आपल्या उदाहरणातील मोटार ती तपासणी कदाचित बिनतक्रार पार करील आणि दुसऱ्या दिवशी पावसात घाट चढताना न जळलेले पेट्रोल हवेत सोडील. उभ्या गाडीत न दिसणारा, फक्त चालत्या गाडीतच घडणारा हा दोष पकडण्यासाठीच तो पिवळा दिवा आहे. तो अधूनमधून लागत असेल, तर तो खोटा नाही. केव्हा लागला, त्याआधी काय घडले आणि तेव्हा काय बदलले होते, हे लिहून ठेवणारी वही त्याच्या जोडीला दिली, तर त्याचे म्हणणे आपल्याला पूर्ण कळेल.